हात वर करायला तज्ज्ञ कशाला? – ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

कॅलिफोर्नियाच्या डॉ. रिचर्ड पॅन यांच्यावर मी लिहिलं होतं. बालरोगतज्ज्ञ, त्यावर सार्वजनिक आरोग्याची पदवी, 2010 मध्ये तिथल्या विधानसभेत, 2014 मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये. असा एखादा माणूस ठाणे-नवी मुंबईतूनही विधिमंडळात जायला हवा, असं त्या लेखाच्या शेवटी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सडकून लिहिलंत. सगळ्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली असेल असं नाही, म्हणून तिचा गाभा आधी देतो. विधानसभेच्या 288 मधला एक तज्ज्ञ पक्ष सांगेल तिथे हात वर करणार, मग त्यापेक्षा तो दवाखान्यात काय वाईट, तिथे तर जागा रिक्त आहेत? अमेरिकेचं इथे काय लागू पडतं, आमच्याकडे मत पाण्यावर आणि पुनर्विकासावर पडतं. डॉ. अभय बंगांना गडचिरोलीत कुठे आमदारकी लागली? केरळच्या आरोग्यमंत्री झालेल्या शैलजा टीचर तर शाळेत शिकवायच्या. आणि शेवटी, ‘तुम्हाला पदव्यांचं फार कौतुक आहे.’ तुमची हयात पालिकेच्या आरोग्य खात्यात गेली आहे, तेव्हा हे हवेतून लिहिलेलं नाही हे मला कळतं. तरी मला पटत नाही.

हात वर करण्याचं आधी बघू. पक्षांतरबंदी कायदा 1985 चा. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, हे खरंच. पण व्हिप लागतो मतदानाला. तारांकित प्रश्नाला (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) व्हिप नसतो, लक्षवेधीला (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) नसतो, समितीत बसून सचिवांची साक्ष घेताना नसतो. आमदाराचं आरोग्याशी संबंधित खरं काम तिथेच आहे आणि तिथेच ते सगळ्यात ढिसाळ होतं. विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या कधी चाळून बघा. ठरलेला साचा असतो. ‘अमुक रुग्णालयात औषधांचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ आणि पुढच्या दोन्ही भागांना, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. मंत्री सुटला, आमदाराच्या कार्यअहवालात एक प्रश्न वाढला.

आता आपल्याच घराजवळचं घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे पालिकेच्या, कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. 500 खाटांचं रुग्णालय. ठाण्याच्या सिव्हिलची, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयाची, जुनी इमारत नव्या बांधकामासाठी पाडलेली, तिचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेला, त्यामुळे कळव्यावरचा ताण वाढलेला. चौकशी समिती नेमली गेली. सगळ्या पक्षांचे नेते येऊन गेले, कॅमेरे आले, राजीनामे मागितले गेले. प्रशासनाकडून सांगितलं गेलं की बरेच रुग्ण अगदी शेवटच्या अवस्थेत आले होते. असेलही. पण हे तपासायचं कसं?

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. रुग्णालयात मृत्यू झाला की नमुना 4 भरला जातो, मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. त्यात वरच्या ओळीत तात्काळ कारण, खालच्या ओळींत ते ज्यामुळे उद्भवलं ते मूळ कारण, आणि पुढे किती काळापासून हे चालू होतं त्याचा रकाना. किती ठिकाणी ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद’ एवढं लिहून बाकीचं कोरं सोडतात! मेलेल्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंदच पडलेली असते, त्याला कारण म्हणत नाहीत. सार्वजनिक आरोग्य शिकलेला आमदार ‘मृत्यू झाले हे खरे आहे काय’ असं विचारणारच नाही. तो मागेल त्या 18 जणांच्या नमुना 4 मधली मूळ कारणं, दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचे तास, आधी कुठल्या दवाखान्यातून किंवा खाजगी रुग्णालयातून पाठवलं होतं ते, त्या रात्री अतिदक्षता विभागात किती खाटा आणि किती परिचारिका होत्या ते, आणि आधीच्या ऑगस्टमधले याच रकान्यांतले आकडे. या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर देताच येत नाही. शिवाय पालिकेचं रुग्णालय म्हणजे प्रश्न नगरविकास खात्याकडे, सिव्हिलचा सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आणि सरकारी मेडिकल कॉलेजचा वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, एवढं तरी त्याला पाठ असेल. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न किती आरामात फिरत राहतो! ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं. पुन्हा समिती, पुन्हा कॅमेरे.

सत्ताधारी बाकावरून असे प्रश्न विचारणाऱ्याला मंत्रिपद मिळणार नाही, असं तुम्ही म्हणाल. बहुधा नाहीच मिळणार. चालेल.

अमेरिकेच्या उदाहरणाबद्दल. डिस्नेलँडमधून 2014 च्या अखेरीस गोवर पसरला. पॅन यांनी सहकाऱ्यासोबत एसबी 277 हे विधेयक आणलं आणि ‘आमची श्रद्धा नाही’ म्हणून शाळेतल्या मुलांना लसीतून मिळणारी सूट 2015 मध्ये बंद झाली. बालवाडीत सगळ्या लसी पूर्ण असलेल्या मुलांचं प्रमाण 2014-15 मध्ये 90.4 टक्के होतं, ते 2016-17 मध्ये 95.6 वर गेलं. गोवर रोखायला साधारण 95 लागतात. एखादा नुसता राजकारणी इथे हार घालून घेऊन पुढच्या विषयाकडे वळला असता. पॅन आकडे बघत राहिले. श्रद्धेचं दार बंद झाल्यावर ‘वैद्यकीय कारणा’च्या सवलती वाढू लागल्या होत्या, आणि त्यातला मोठा वाटा मोजक्या डॉक्टरांच्या सह्यांचा होता. म्हणून 2019 मध्ये दुसरा कायदा आणून ती पत्रं तपासण्याचा अधिकार त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला दिला. त्या वर्षी त्यांना भर रस्त्यात ढकललं गेलं, सभागृहात गॅलरीतून रक्त फेकलं गेलं.

हा कायदा आपल्याकडे आणा असं मी लिहिलं नव्हतं, लिहिणारही नाही. 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर आला तेव्हा अडचण सूट मागणाऱ्या पालकांची नव्हती. कोविडच्या दोन वर्षांत डोस हुकले होते, वस्त्या बदलणारी कुटुंबं यादीतच नव्हती, आणि काही ठिकाणी लसीबद्दल संशय होता. तिथे सक्तीचा कायदा केला असता तर दारं आणखी घट्ट लागली असती. हा फरक ओळखणारा कुणीतरी सभागृहात असावा, एवढंच माझं म्हणणं.

डॉ. बंगांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण मला ते उलट बाजूने दिसतं. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत देशभर गेली ती सरकारने आशांच्या कामात ती घेतली म्हणून. आणि दारूबंदी बघा. गडचिरोलीत 1993 पासून आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये लागू झाली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने उठली. बंदी हवी की नको यावर आपण दोघं भांडू शकतो, पण तिचे आजारांवर, अपघातांवर, घरातल्या मारहाणीवर काय परिणाम झाले याची आकडेवारी सभागृहात मागून घेणारं कोण होतं? गुटख्याचंही तसंच. 2012 पासून बंदी आहे, पण ती अन्नसुरक्षा कायद्याखालच्या वर्षभराच्या आदेशावर, दर वर्षी नवा आदेश काढून. ठाणे स्टेशनबाहेरच्या टपरीवर या बंदीची काय पत्रास आहे ते तुम्ही-आम्ही बघतोच.

शैलजा टीचरांबद्दल पूर्ण सहमत. निपाह विषाणूच्या साथीच्या वेळी 2018 मध्ये त्यांनी तज्ज्ञांचं ऐकलं आणि निर्णय घेतले. ते मंत्र्याचं कौशल्य. मी साध्या आमदाराबद्दल बोलतोय, ज्याच्या हाताखाली सचिव नसतो, तज्ज्ञ समिती नसते, प्रश्न स्वतःलाच सुचावा लागतो. आणि हे अमेरिकेचं फॅडही नाही. डॉ. सुशीला नायर जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या, 1952 मध्ये दिल्ली विधानसभेवर निवडून गेल्या, तिथे आरोग्यमंत्री झाल्या. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज पुढे त्यांनीच उभं केलं.

‘दवाखान्यात बरा’ या मुद्द्यात मात्र दम आहे. सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीतल्या डॉक्टरला निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो, आणि तुम्ही लिहिलेल्या रिक्त जागांमध्ये आणखी एकाची भर पडते. म्हणून मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या लोकांकडे डोळे लावून आहे. पण त्यांना वाट कुठली? विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादाच 40 लाख, कायद्याबाहेरचं तुम्ही जाणता. विधान परिषदेवर राज्यपालनियुक्त 12 जागा आहेत. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. त्या जागांवर काय होतं हे महाराष्ट्राने 2020 नंतर पोटभर पाहिलं. सरकारने पाठवलेल्या 2020 च्या यादीवर राज्यपालांचा निर्णयच झाला नाही, आणि 2024 च्या ऑक्टोबरात सात नावं आली ती पुन्हा पक्षांच्या वाटपातून. मला त्यातल्या त्यात विधान परिषदेचा कोकण पदवीधर मतदारसंघ बरा वाटतो, जिथे फक्त पदवीधर मत देतात. ठाणे, नवी मुंबई दोन्ही त्यात येतात. त्याची मतदारयादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, आधी नाव होतं म्हणून पुढे राहत नाही, अर्ज क्रमांक 18 नव्याने भरावा लागतो. पक्ष हे अर्ज गठ्ठ्याने भरून घेतात. ठाण्यातले डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर स्वतःहून किती भरतात, ते तुमच्या ओळखीतल्यांना विचारून बघा.

पाणी आणि पुनर्विकास यांवर मत पडतं, त्याचा मला राग नाही. पाणी हाही आरोग्याचाच विषय आहे. पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यघटनेच्या राज्यसूचीत, म्हणजे राज्याच्या अखत्यारीत आहेत, सहाव्या नोंदीत. नवी मुंबई पालिकेची मुदत मे 2020 मध्ये, ऐन कोविडच्या तोंडावर संपली, आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक होता. त्या काळात ऐरोलीतल्या माणसाने आरोग्याची तक्रार कुठल्या नगरसेवकाकडे न्यायची होती? निवडून दिलेला एक आमदार तेवढा उरला होता.

तुमच्या प्रतिक्रियेत आरोग्य केंद्रातल्या मंजूर आणि प्रत्यक्ष भरलेल्या पदांबद्दल जे लिहिलंय, ते मला पुढच्या लेखात हवं आहे. तुमचं किंवा केंद्राचं नाव येणार नाही. चालेल का, ते इथेच खाली कळवा.