‘कागद नंतर होतील’ म्हणणाऱ्याकडून फोर बाय फोर घेऊ नका

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, ‘पहिला प्रोजेक्ट करायचाय? नवी एसयूव्ही कशाला, दीड लाखात जुनी फोर बाय फोर घ्या’ असा. प्रोजेक्ट म्हणजे जुनी गाडी घेऊन हौसेने स्वतः नीट करायची, आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते अशी गाडी. त्याचं रील पण आहे. मी वाचून सोडून दिला होता, पण परवा माझ्या भाच्याने मला तोच पाठवला आणि खाली लिहिलं, आत्या, गाडी पसंत केली, उद्या बयाना देतोय. पोरगा इथे इंदूरला राजेंद्र नगरमध्ये राहतो, पहिलीच नोकरी, पैसे स्वतःचे साठवलेले, आणि गाडी विकणारा कोण तर ज्याचं नाव आरसीवर कुठेच नाही असा माणूस. म्हणून लिहायला बसले.

मेसेजमध्ये काय आहे ते आधी सांगते. एक, जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नाही, घरच्या घरी दुरुस्त होते. दोन, आर्मीची असेल तर डोळे मिटून घ्या. तीन, कागद नंतर होतात, सेल लेटर आणि सह्या केलेले फॉर्म हातात आले की पुरे. चार, पावसाळ्यात हायवेवर फोर व्हीलमध्येच चालवा, घसरत नाही, आणि अशी गाडी कुठे अडकत पण नाही. पाच, मोठे टायर आणि गाडी उंच करणारं लिफ्ट किट लावा. सहा, किंमत वाढतच जाते.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आलाय.

सेल लेटर म्हणजे दोन माणसांनी आपसात लिहिलेला कागद. कायद्याच्या लेखी गाडीचा मालक तो, ज्याचं नाव आरटीओत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं की गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने आरटीओला 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. आता कोणी म्हणेल, अशा कलमांकडे कोण बघतं. तर सुप्रीम कोर्टाने बघितलंय. फेब्रुवारी 2018 चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल वाचा, इंटरनेटवर फुकट मिळतो, फार लांब पण नाही. रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीखाली एक मुलगा गेला. ती गाडी तोवर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत विकत पुढे गेली होती, आरसी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर. त्याचं म्हणणं, मी तर कधीच विकली. हायकोर्टाने नंतरच्या एका घेणाऱ्यावर भरपाई टाकली होती, सुप्रीम कोर्टाने ती फिरवून रजिस्टर्ड मालकावर टाकली. कारण दिलं ते मला पूर्ण पटतं: ज्याचं माणूस गेलंय त्याने गाडी कोणाकडून कोणाकडे गेली ती साखळी शोधत फिरायचं का?

यावर भाचा म्हणाला, मग अडकला तर विकणारा अडकेल ना, मला काय. अरे बाबा, पहिली गोष्ट, असं बोलू नये, तो पहिला मालक कोणाचा तरी रिटायर झालेला बाप असतो आणि त्याला माहीत पण नसतं की त्याच्या नावावर गाडी अजून रस्त्यावर फिरतेय. दुसरी गोष्ट, तू पण सुटत नाहीस. गाडी तुझ्या नावावर नसेल तर चोरी झाली, जळाली, ठोकली, स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कुठल्या हक्काने मागशील? पंधरा वर्षांनी आरसीची मुदत संपते, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, ते काम आरसीवरच्या मालकाच्या नावाने होतं, आणि तो माणूस वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करायचं फॉर्म 31 चं प्रकरण. 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारला या रिन्यूअलची फी 5,000 आहे आणि ऑगस्ट 2025 च्या नियमाने वीस वर्षांवरच्या कारला 10,000, हे त्या दीड लाखाच्या हिशोबात कोणी धरलंय का? आणि उद्या तुला विकायची झाली तर काय देशील पुढच्याला, सेल लेटरचं सेल लेटर?

मी त्याच्याबरोबर गाडी बघायला गेले. बोनेटवर पेंट ताजा, सीट कव्हर नवं, हॉर्न जोरात. मी खाली वाकून चेसिसवरचा पंच केलेला नंबर शोधला, तारेच्या ब्रशने माती काढली आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारला. पहिले आकडे खोल आणि एका ओळीत, शेवटचे तीन उथळ आणि किंचित वर सरकलेले, बाजूला ग्राइंडरच्या बारीक रेषा, त्यावर काळा पेंट. विकणारा म्हणाला, ‘अरे दीदी, जंग लगा था तो घिसवा दिया, कागज तो बाद में हो जाएंगे.’ नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची असू शकते, नाहीतर एका भंगार गाडीच्या आरसीवर दुसरीच गाडी चालवलेली असू शकते. दोन्हीत ती जप्त होणार आणि उत्तरं देत बसणार तो, ज्याच्या घरासमोर ती उभी आहे. आम्ही तिथूनच परत आलो.

आता आर्मी. फौजेत मेंटेनन्स चांगला असतो, हे खरं, मान्य करते. पण फौज चांगली चालणारी गाडी लिलावात काढत नाही, वय झालं, किलोमीटर झाले, दुरुस्ती परवडेना, की कंडम करते आणि मग ती लिलावात येते. म्हणजे तुम्ही फौजेचा मेंटेनन्स नाही, मेंटेनन्स संपल्यानंतरची गाडी घेताय. वर लिलावाचे मूळ कागद आणि फॉर्म 32, म्हणजे लिलावातली गाडी नावावर करायचा अर्ज, नसेल तर सिव्हिल रजिस्ट्रेशन होणार कसं? बाजारात ‘महू कँटची है’, म्हणजे महूच्या लष्करी छावणीतली आहे, असं सांगून विकतात त्या गाड्यांना नुसता हिरवा रंग मारलेला असू शकतो, आणि ऑलिव्ह ग्रीन रंग सैन्याच्या गाड्यांशिवाय कोणी लावायचा नाही हे केंद्रीय मोटार वाहन नियम 121 मध्ये स्पष्ट लिहिलंय. त्या रंगाच्या लुकसाठीच पैसे मोजणारी पोरं आहेत, त्यांना हे कोणी सांगत नाही.

चौथा मुद्दा वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. मारुतीची जिप्सी, महिंद्राची एमएम 540 आणि जुनी थार, या सगळ्या पार्ट टाइम फोर व्हीलच्या गाड्या, म्हणजे एरवी ताकद मागच्याच चाकांना, लिव्हर टाकलं की चारींना. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि फोर व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मधे तो फरक सोसायला डिफरेन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा संच, नसतं. मातीत, वाळूत चाक जरासं घसरतं आणि फरक निघून जातो. डांबरावर निघत नाही, तो शाफ्टमध्ये, शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये, पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसच्या गियरमध्ये ताण बनून साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी आखडून आखडून वळते आणि मग लिव्हर बाहेर येता येत नाही. शेवटी क्रॉस तुटतो नाहीतर गियरचे दात. पावसात हायवेवर थोडं पाणी थोडं कोरडं असतं, तिथे हा सल्ला देणं धोक्याचं आहे. आणि ब्रेक? ब्रेक कुठल्याही कारला चारही चाकांना असतात, फोर व्हीलने गाडी लवकर थांबत नाही. एवढं नक्की की कच्च्या उतारावर फोर व्हीलच्या लो मध्ये (सगळ्यात हळू चालवणाऱ्या गियरमध्ये), पहिल्या गियरला, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि महूजवळच्या जानापाव डोंगराच्या बाजूला दगडगोट्यांत त्याचा फार उपयोग होतो. हायवेशी त्याचा संबंध नाही.

अडकत नाही म्हणणाऱ्याने जुलैमध्ये आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत एकदा उतरून दाखवावं. ती माती टायरच्या नक्षीत भरते, नक्षी गायब होते, टायर गुळगुळीत झाला की किती चाकांना ताकद जाते याला अर्थ उरत नाही. शिवाय साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात सुटलं की ताकद त्याच चाकाकडे पळते, म्हणून पुढचं एक आणि मागचं एक फिरत राहतं आणि गाडी जागच्या जागी. सोबत दुसरी गाडी आणि धड दोर नसेल तर इंदूरबाहेर सिमरोलच्या पुढे कच्च्यात जाऊच नका.

इलेक्ट्रॉनिक्स नाही, हे अर्धं खरं. जुन्या पूजो इंजिनच्या जीपमध्ये कॉम्प्युटर नाही, कार्ब्युरेटरच्या जिप्सीत पण नाही. पण कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणाऱ्या एमपीएफआय जिप्सीत आहे आणि थारच्या सीआरडीई डिझेल इंजिनात पण आहे, मेसेजवाल्याने सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय. आणि साधं डिझेल इंजिन असलं तरी डिझेल सोडणारा पंप कॅलिब्रेट करायला वर्कशॉपमधला टेस्ट बेंचच लागतो, ते अंगणात पान्याने होत नाही. ऑइल बदलणं, ब्रेकचे लाइनर, ग्रीसिंग, पाट्यांचे बुश, हे शिका, जरूर शिका, त्यातच मजा आहे.

लिफ्ट किट आणि मोठे टायर: सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि कलम 182ए मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. बाकी जुन्या जिप्सी, एमएम 540 सारख्या गाड्यांचं किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा, बरेचदा आधीच ढिलं असतं, त्यावर जड टायर लावले की खड्ड्यानंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी थांबवल्याशिवाय थांबत नाही.

किंमत वाढते, हो, जिप्सी 2019 ला बंद झाल्यापासून ओरिजिनल, एकाच मालकाच्या हातातल्या, कागद स्वच्छ असलेल्या गाडीला मागणी आहे. कापून वेल्डिंग केलेलीला नाही.

भाच्याला गाडी घ्यायचीच आहे आणि मी नाही म्हणणार नाही, मी स्वतः जुनीच चालवते. पण आता क्रम असा ठरलाय: आधी सरकारच्या एम परिवहन ॲपवर नंबर टाकून मुदत, लोन, इन्शुरन्स बघायचं, मग आरसीवरच्या माणसाला समोर भेटायचं, त्याच्याबरोबर नैता मुंडल्याला आरटीओत जायचं, तोवर एक रुपया बयाना नाही. गाडी बघायला सकाळी लवकर जायचं आणि विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत सुरू करू नको. तिथे पोचल्यावर आधी बोनेटला हात लावून बघायचा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा पहिला धूर आणि स्टार्ट घ्यायला होणारी खटखट दाखवायची नाहीये त्याला, तिथूनच परत फिरायचं.