सीटीसी म्हणजे पगार नव्हे रे, भाच्या

तीन वर्षांपूर्वी भाच्याचा फोन आला. "मामा, झालं! फोर पॉइंट टूचं पॅकेज!" मागून ताई ओरडली, "पस्तीस हजार महिना रे!" ४,२०,००० भागिले १२, हिशेब तोंडी करून पेढे वाटूनही झाले होते. महिनाअखेर बँकेचा मेसेज आला: २६,७६७. पुन्हा फोन. या वेळी आवाज खाली. "मामा, कंपनीनं फसवलं का?"

फसवलं नव्हतं. ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात सगळं लिहिलेलं होतं आणि खाली याचीच सही होती. मूळ पगार १४,०००. त्याचे १२ टक्के म्हणजे १,६८० रुपये कंपनीच्या वाट्याचा पीएफ, तोही पॅकेजात मोजलेला. तेवढेच पुन्हा याच्या पगारातून. ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळायच्या रकमेचे, ६७३. व्हेरिएबल ३,५००, ते वर्षाअखेर आणि तेही रेटिंग पाहून. विम्याचे ५००, व्यवसाय कर २००. वजाबाकी करून बघा, पैसापैसा जुळतो.

सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी. नावातच सांगितलंय, की हा खर्च कंपनीचा. बैल पोसायला वर्षाला किती लागतात हा मालकाचा हिशेब झाला. त्यातलं बैलाच्या तोंडी किती जातं ते वेगळं. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला, ताई नाही हसली.

चाकणच्या पट्ट्यात एचआरमध्ये अठरा वर्षं काढली. आता वर्षातून दोनदा गावाकडच्या कॉलेजात मुलांची मुलाखतीची तयारी करून घेतो. तिथं 'करिअर इंग्लिश' म्हणून जे शिकवतात ते बघून जीव तुटतो. हार्डवर्किंग, टीम प्लेयर, पॅशनेट, गो-गेटर. स्वतःची स्तुती करायचे चाळीस शब्द पाठ, आणि नोटीस पीरियड विचारला तर वर्ग गप्प. बाँड (ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) म्हणजे काय, प्रोबेशनमध्ये, म्हणजे चाचणीच्या काळात काढलं तर किती दिवस आधी सांगतात, 'एलओपी' लागला म्हणजे काय कापलं, कुणी बोलत नाही. (एलओपी म्हणजे लॉस ऑफ पे, आपला खाडा. आजोबांना कळायचा.)

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की पोरं 'माय फादर इज फार्मर' अशी सुरुवात करतात आणि ट्रेनर त्यांना झापतो. मला त्यात चूक वाटत नाही. आपल्याकडे अनोळखी माणूस पहिलं काय विचारतो? 'कुणाचा रे तू?' उत्तर तिथूनच येणार. तसंच 'आय पास्ड आउट इन २०२२'. इंग्लंडमध्ये याचा अर्थ 'मी बेशुद्ध पडलो' असा होतो म्हणून खिदळणारे बरेच आहेत. पण खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, तिथं कुणी बेशुद्ध पडायला जात नाही. असल्या चुकांनी कुणाचा एक रुपया बुडत नाही. ज्या शब्दांनी बुडतो त्यांच्याकडे लक्ष द्या.

बाहेरचे शब्द आले म्हणून माझी तक्रार नाही. कामाच्या बाबतीत आपण नेहमीच कामावर ठेवणाऱ्याची भाषा उचलत आलोय. नोकर, चाकर फारसीतून आले, पगार पोर्तुगिजांकडून. ते इतके मुरले की आज 'पगार' शब्द परका म्हटला तर भांडणं होतील. फ्रीलान्सरसाठी तर आपल्याकडे बरोबर शब्द होता. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. इंग्रजी फ्रीलान्सही मुळात भाला घेऊन फिरणारा भाडोत्री लढवय्याच. कंपनीचा लॅपटॉप घेऊन बसलेले आपण सगळे बारगीर, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

फरक असा, की जुने शब्द उघडे होते. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला 'उचल' म्हणजे काय ते विचारा. किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, शाळा न शिकलेली बाईसुद्धा सांगेल. ती पिळवणूकच आहे, पण शब्द तिला फसवत नाही. इंग्रजीत मात्र माणसाला काढलं तरी 'काढलं' म्हणत नाहीत. राइटसायझिंग झालं, 'सेपरेट' झाला. मी स्वतः असली पत्रं टाइप केलीत. त्या वाक्यांत काढणारा कुठंच नसतो, हे तेव्हा माझ्याही ध्यानात येत नव्हतं.

म्हणून या वर्षी वर्गात मी स्तुतीचे शब्द बंद केले. भाच्याच्याच पत्राची झेरॉक्स, नाव खोडून, सगळ्यांना दिली. प्रत्येक ओळीखाली मराठीत लिहा: हे पैसे कुणाच्या हातात, कधी, आणि कशावर अवलंबून. ग्रॅच्युइटीपाशी गाडी अडली. समजावलं: दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणून ते मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, नियम मुळात १९७२ च्या कायद्यातला, कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग राहिलात तर.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, पाच वर्षं नुसती दाखवायची?"

तिनं त्या ओळीखाली तेच लिहिलं, 'दाखवायची'. मी बरोबरची खूण केली.

कुणाकडे जुनी ऑफर लेटरं पडून असतील तर नाव-गाव, कंपनी सगळं खोडून इनबॉक्समध्ये पाठवा. डिसेंबरच्या वर्गाला लागतील. बाँडवाली असली तर आधी ती.