‘ड्रिल मारल्याशिवाय टिकत नाही’: जुन्या गाडीबद्दलचा एक महागात पडणारा गैरसमज

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. द्वारकेपासून सातपूरपर्यंत नाशिकच्या गॅरेजांतही तोंडी हेच ऐकू येतं. म्हणणं असं: पद्मिनी असो की अँबॅसेडर, फॉग लॅम्प, आरसा, कॅरिअर, बॅज, काहीही लावायचं तर सरळ ड्रिल मारा. एवढ्याशा भोकाने काही होत नाही. क्लॅम्प घाटात ढिले होतात. चिकटपट्टी आणि चुंबक तकलादू. वायर आत घ्यायला भोक लागतंच. कंपनीसुद्धा भोकं पाडूनच गाडी देते. आणि उद्या नको वाटलं तर भोक बुजवता येतं.

यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणून ती पटतात आणि म्हणूनच गाड्यांची वाट लागते. एकेक मुद्दा घेते.

‘एवढ्याशा भोकाने काय होतंय?’

पद्मिनी आणि अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचे पोकळ भाग एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो, तीच गाडीची ताकद. हा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि आजच्या गाड्यांसारखा जस्ताचा थर त्यावर नसतो. त्याला वाचवतात ते फक्त प्रायमर आणि रंग.

ड्रिल आरपार गेलं की भोकाच्या कडेला उघडं लोखंड राहतं. बाहेरून ब्रशने रंग लावता येतो, पण आतल्या बाजूला हातच पोचत नाही. ड्रिलचा कीस पोकळीत पडतो आणि तळाशी, बहुधा पाणी निचरायच्या छिद्रापाशीच, साचतो. पहिल्या पावसात तो तांबडा होतो आणि खालचा पत्राही गंजवायला लागतो. वर स्क्रूच्या आट्यांतून पाणी झिरपत राहतं ते वेगळंच. इगतपुरीच्या पावसातून ये-जा करणाऱ्या गाडीला याचा त्रास किती होतो, ते इथल्या कुठल्याही डेंटरला विचारा. ‘मग स्टेनलेसचा स्क्रू मारा’ असा सल्ला वर मिळतोच. ओल्या जागी स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना टेकले की गंजतं ते लोखंड. स्क्रू चकचकीत राहतो, त्याच्याभोवतीचा पत्रा पापडासारखा सुटत जातो.

‘क्लॅम्प घाटात ढिले होतात’

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या आठवा. टपावरच्या कॅरिअरवर बॅगा, वळकट्या, काय काय लादलेलं असायचं. ते कॅरिअर टपाला भोकं पाडून बसवलेलं नव्हतं. टपाच्या कडेच्या पन्हळीला क्लॅम्पने आवळलेलं असायचं. 2023च्या ऑक्टोबरमध्ये या टॅक्सीचा जमाना संपला, तोवर हे क्लॅम्प मुंबईच्या खड्ड्यांत टिकून राहिले.

ढिला होतो तो चुकीचा क्लॅम्प, किंवा एकदा आवळून विसरलेला. फॉग लॅम्पचं उदाहरण घेऊ, कारण कसाऱ्याच्या धुक्यासाठी सर्वांत जास्त भोकं त्याच्यापायीच पडतात. बंपरच्या मागे वाकून बघा. बंपर ब्रॅकेटवर बोल्टने बसवलेला आहे. तोच बोल्ट काढून, त्याच आट्यांचा पण थोडा लांब बोल्ट घ्या आणि मध्ये एक एल आकाराची जाड पट्टी अडकवा. झाला दिव्याचा पाया, आणि तोही गाडीच्या मजबूत भागावर. पट्टी अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून, वाकवून घेता येते. तिच्यात हवी तितकी भोकं पाडा, ती पट्टीला पडतात, गाडीला नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना आडवा पाइप जोडला की त्यावर बॅजही लागतात. जिथे बोल्टच नाही तिथे ब्रॅकेटभोवती यू-बोल्ट फिरवायचा.

नट नायलॉनच्या कड्याचा घ्या, आणि आवळल्यावर नट व पट्टी यांवरून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. त्र्यंबकला जाऊन या आणि बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, पाना लावा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा बघितलं की पुरतं. उलट पातळ पत्र्यात मारलेला सेल्फ स्क्रू, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटे पाडणारा स्क्रू, हादऱ्यांनी भोक लांबट करतो. मग तो आवळून उपयोग नसतो, कारण आटे धरायला पत्राच उरत नाही.

क्लॅम्प आणि रंग यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायची आपल्याकडे पद्धत आहे. क्रोमवर चालेल. पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर काळं रबर कायमचा डाग पाडतं, तिथे पारदर्शक प्लास्टिकची फिल्म लावा. दाराच्या कडेला बसणाऱ्या आरशालाही हेच लागू.

परदेशी व्हिडिओंत नंबर प्लेटच्या बोल्टला पट्टी अडकवलेली दिसते. ते आपल्याकडे करू नका. एचएसआरपीचं, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा नंबर प्लेटचं, लॉक एकदाच बसतं, ते फोडलं की नवी कटकट. आणि क्रॅश गार्ड, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी कठडा, तर क्लॅम्पनेसुद्धा नको. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे.

‘चिकटपट्टी आणि चुंबक तकलादू’

दहा रुपयांची डबल टेप तकलादूच. अॅक्रिलिक फोमची चांगली टेप वेगळी. पण ती दाबल्यावर वीस मिनिटांत निम्मीच पकडते, पूर्ण ताकदीला तीन दिवस लागतात. धुरळा फडक्याने पुसायचा, टेप लावायची आणि लगेच गाडी पळवायची, असं केल्यावर ती पडणारच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, घट्ट दाबा, गाडी उभी ठेवा. काढताना हेअर ड्रायरने गरम करून मासेमारीची तंगूस टेपमधून ओढत न्या. मात्र जुना, फुगलेला रंग असेल तर टेपबरोबर रंगही निघेल. तिथे टेप नको. आतल्या डॅशबोर्डवरच्या हलक्या वस्तूंसाठी ती उत्तम.

चुंबकाबद्दल मजकुराशी मी बरीचशी सहमत आहे. सरळ ओढून तो सहज निघत नाही, पण बाजूला घसरतो, आणि खाली धूळ असेल तर रंगावर ओरखडे उमटतात. रॅलीच्या दिवसापुरती नंबराची पाटी लावायला चालेल. एक फायदा मात्र सांगते: चुंबक जिथे धरतच नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे समजा.

‘वायर आत घ्यायला भोक लागतंच’

नाही लागत. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात स्पीडोमीटरच्या केबलसाठी, वायरिंगसाठी कंपनीने भोकं दिलेलीच आहेत, रबरी ग्रोमेटसकट, म्हणजे भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवलेल्या कड्यासकट. जुना, कडक झालेला ग्रोमेट बदला आणि नवी वायर त्यातूनच घ्या. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर. ते जुन्या स्विचमधून नेऊ नका. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि 15 अँपिअरचा फ्यूज लावा, म्हणजे केबिनमध्ये फक्त स्विचची बारीक वायर येते. स्विचची पट्टी डॅशबोर्डखालच्या एखाद्या जुन्या स्क्रूलाच अडकवता येते.

‘कंपनीसुद्धा भोकं पाडते’

पाडते, पण रंग लागायच्या आधी. मग प्रायमर आणि रंग त्या कडांवरही बसतो. तयार गाडीला भोक पाडणं ही तीच गोष्ट नव्हे.

‘नंतर बुजवता येतं’

येतं. मागे तांब्याचा तुकडा धरून ठिपक्या-ठिपक्याने वेल्डिंग करतात. पण त्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो, आणि भोकाभोवती आतल्या बाजूचा रंग जळतो, तो पुन्हा लावता येत नाही. बाहेर अख्खा मडगार्ड रंगवावा लागतो, आणि चाळीस वर्षं ऊन खाल्लेल्या शेजारच्या दाराशी नवा रंग जुळत नाही. पुट्टी भरून भागवलं तर पुट्टी ओल धरते आणि गंज तिच्याखाली वाढत राहतो.

पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 2021च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिनात मोठे बदल नकोत. दिव्याच्या एका भोकाने नोंदणी अडेल असं मी म्हणत नाही. पण सत्तरच्या दशकातली मूळ पत्र्याची गाडी आता किती उरली आहे, आणि आपण ती कशासाठी भोसकतोय?

ड्रिल कुठे बरोबर

सीट बेल्ट. तिथे क्लॅम्प, जुना स्क्रू, जुगाड, काहीही चालणार नाही. त्या पट्ट्यावर माणसाचा जीव असतो. आधी कार्पेट उचलून आणि दाराच्या खांबाचं पॅडिंग काढून बघा, नंतरच्या सालांत बनलेल्या गाड्यांत आटे असलेली जागा असू शकते. नसेल तर मागून जाड प्लेट वेल्ड करून 7/16 इंची बारीक आट्यांचा बोल्ट बसवावा लागेल, म्हणजे भोक आलंच. ते जाणत्या मिस्त्रीकडूनच पाडून घ्या, कीस चुंबकाने काढायला लावा, कडेला प्रायमर लावून पोकळीत गंजरोधक मेण फवारून घ्या, आणि हे सगळं होईपर्यंत तिथून हलू नका.