‘चारशे रुपयांचं गढूळ पाणी’: निपाणीच्या वाचकांना उत्तर

आमच्या बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका हॉटेलात बिअर चाखण्याचा छोटेखानी कार्यक्रम झाला, त्याबद्दल मी मागे लिहिलं होतं. त्यावर निपाणीहून एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. नावाच्या जागी ‘एक सीमावासी’ एवढंच. राग खरा आहे आणि मुद्देही वरवरचे नाहीत, म्हणून ‘धन्यवाद, मत ज्याचं त्याचं’ म्हणून बोळवण करत नाही.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ते म्हणतात: भाच्याने बंगळुरूला एका क्राफ्ट, म्हणजे छोट्या प्रमाणावर बनवलेल्या, बिअरच्या ठिकाणी नेलं. गव्हाची म्हणून जी बिअर आली ती गढूळ, धड थंड नाही, वर चार बोटं फेस, आणि चक्क केळ्याचं इसेन्स घातलेली. दुसऱ्या ग्लासला शिळ्या लोण्याचा वास. एका ग्लासचे चारशे रुपये. ही लुबाडणूक आहे आणि तुम्ही तिला ‘चाखणं’ असं सोवळं नाव देता. आमच्या गल्लीत बायका दिवसभर विड्या वळतात आणि संध्याकाळी ते पैसे नवऱ्याच्या बाटलीत जातात. सीमाभागात इतके प्रश्न असताना मराठी माणसाने लिहायचं ते यावर?

शेवटचं आधी घेतो, कारण ते लवकर आटोपतं. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची एक नोव्हेंबरला काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, तिच्यात मीही असतो. उरलेल्या दिवशी मी नोकरी करतो, बाजार करतो, क्वचित बिअर पितो. प्रश्न सुटेपर्यंत सीमावासीयांनी जिभेवर तुळशीपत्र ठेवायचं असं कुठे ठरलं असेल, तर मला तो निरोप पोचलेला नाही.

आता तुमच्या ग्लासकडे येऊ.

केळ्याचा वास आला म्हणता, तो आलाच असणार. तुमच्या नाकाने फसवलेलं नाही. पण त्यात केळं नसतं, आणि इसेन्स घालायचीही गरज नसते. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला जे यीस्ट वापरतात ते आंबवण्याच्या कामात आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात मुख्य वाटा त्याचाच, आणि केळ्याच्या इसेन्सच्या बाटलीतही तेच असतं. त्यामुळे तुमची शंका चुकीच्या पत्त्यावर गेली, पण निघाली बरोबर जागेवरून. त्याच यीस्टमुळे मागून थोडा लवंगेसारखा वास येतो. पुढच्या वेळी घोट गिळल्यावर नाकातून श्वास सोडून बघा, लवंग तिथे भेटते.

गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा. फेस वास धरून ठेवतो, शिवाय गव्हाच्या बिअरला तो भरपूर येतोच. चार बोटं मात्र जास्त झाला, ते ओतणाऱ्याचं कसब. आणि थंडाव्याचं म्हणाल तर आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीला बोट चिकटेल इतकी गार, अशी सवय लागली आहे. शून्याच्या आसपास जीभ बधिर होते, वासही वर येत नाही. हलक्या लागरला, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरला, ४ ते ७ अंश पुरतात, गव्हाची थोडी वर, आणि काळ्या स्टाउटला १०-१२ अंश असले तरच ती बोलायला लागते. ज्या बिअरला स्वतःचा वास-चव फारशी नाही, ती गोठवून प्यायलेलीच बरी. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

पण लोण्याचा वास! तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर, आणि भाच्याने ‘मामा, असंच असतं’ म्हणून गप्प केलं असेल तर त्याला हे वाचायला द्या. त्या वासाला कारण डायअॅसिटिल. बिअर आंबताना ते तयार होतंच, पण यीस्टला आणखी काही दिवस दिले की ते स्वतःच परत शोषून घेतं. मालकाला घाई झाली आणि टाकी लवकर मोकळी केली, तर लोणी ग्लासात येतं. दुसरं कारण नळ्यांचं. टाकीपासून नळापर्यंतची नळी वेळच्या वेळी धुतली नाही की तिच्यात जिवाणू बसतात आणि तेही हाच वास देतात. तुम्ही तो ग्लास परत करायला हवा होता. चांगल्या ठिकाणी त्यावर कोणी हुज्जत घालत नाही.

एक गंमत लक्षात आली का तुमच्या? केळं ओळखलंत, लोणी ओळखलंत, गारपणा आणि फेसाचं प्रमाण लक्षात ठेवून लिहिलंत. आम्ही त्या कार्यक्रमात दोन तास बसून हेच केलं. तुम्ही ज्याला ढोंग म्हणता ते तुम्ही आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा चांगलं केलं आहे.

पैशांबद्दल फार वाद घालणार नाही. चारशे रुपये जास्तच आहेत. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ती फुलं, बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येतात. खास माल्टही, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पुष्कळदा बाहेरचं. एका वेळी बनते थोडीच, आणि त्यावर करांचा बोजा. हे सगळं धरूनही त्या चारशेत खुर्ची, दिवे आणि गाण्याचा आवाज यांचं भाडं बरंच असतं. पुण्यात २००९ साली स्वतःची बिअर बनवून विकणारी डूलाली सुरू झाली, बंगळुरूत त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत अशी ठिकाणं निघाली, आणि इतक्या वर्षांत ही बिअर मध्यमवर्गाच्या खिशाला सहज परवडेल अशी झालेली नाही. म्हणून मी चाखण्याच्या कार्यक्रमाला जातो. तिथे ९०-१०० मिलीचे चार-पाच छोटे ग्लास मिळतात, आवडेल ते कळतं, न आवडलेल्याचा पूर्ण ग्लास गळ्यात पडत नाही.

आता खरा मुद्दा. विड्या वळणाऱ्या बायकांचा.

यावर मी हुशारीने काही बोलणार नाही. निपाणीच काय, आमच्या वडगाव-शहापुरातही मागावर कमावलेलं गुत्त्यात गेलेलं लोकांनी पाहिलं आहे. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात अरक बंद झाला, पाकिटातली दारू गेली. त्या वेळी वाटलं होतं, सुटलो. आज ९० मिलीचे स्वस्त व्हिस्कीचे टेट्रापॅक दुकानादुकानात आहेत आणि गटारीच्या कडेला त्यांची रिकामी खोकी पडलेली असतात. तेव्हा दारूने घरं बुडतात या तुमच्या वाक्यातला एक शब्दही मी खोडत नाही. ‘क्राफ्ट’ म्हटल्याने दारूची दारू राहत नाही असंही मी कधी म्हटलेलं नाही.

पण तुमच्याच प्रतिक्रियेत पुढे एक वाक्य आहे: ‘त्यापेक्षा आमची साधी स्ट्राँग बिअर बरी, ती काय दारू नव्हे.’ इथे मला थांबवंसं वाटतं, आणि हे एकट्या तुमच्याशी बोलणं नाही.

हिशेब करू. मोठी बाटली ६५० मिलीची. स्ट्राँगवर मद्याचं प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं. ८ धरले तर आत ५२ मिली शुद्ध मद्य. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २५.७ मिली. ‘दारू नव्हे’ अशा त्या एका बाटलीत दोन मोठे पेग आहेत. दोन बाटल्या घेऊन ‘आज फक्त बिअर’ म्हणत उठणारा माणूस चार मोठे पेग पोटात घेऊन मोटारसायकलला किक मारतो. आमच्या कार्यक्रमातले पाच छोटे ग्लास, १०० मिलीचे आणि सरासरी ५ टक्क्यांचे धरले, तर २५ मिली होतात. म्हणजे दोन तासांत एक मोठा पेग. तोही पेगच आहे, तीर्थ नव्हे. पण फरक डोळ्यांसमोर आहे.

हा फरक कशातून येतो ते एका बारमध्ये मला फार स्वच्छ दिसलं. खानापूर रोडच्या बाजूला, नाव सांगत नाही. फ्रीजच्या अगदी मागे एका क्राफ्ट बिअरचे दोन कॅन दिसले म्हणून मागितला. वेटरने पुढच्या स्ट्राँगच्या बाटल्या सरकवून कॅन बाहेर काढला, खांद्यावरच्या फडक्याने पुसला आणि मला देता देता काळजीने म्हणाला, “साहेब, ह्यो कोण घेत नाही वो. ह्याच्यात किक नाही.” तळाशी तारीख बघितली तर आठ महिने उलटलेले. उघडल्यावर हॉप्सचा वास नावालाही नव्हता, होता तो ओल्या पुठ्ठ्याचा. हवा लागून जुनी झालेली बिअर अशीच वास मारते. सोबत फुकटची काँग्रेस, म्हणजे आपले ते तिखट शेंगदाणे, इतके झणझणीत की कॅनमध्ये अमृत असतं तरी कळलं नसतं. शेजारच्या टेबलावर त्याच तिखटावर तिसरी स्ट्राँग फुटत होती.

वेटरचा दोष नाही. त्याने गिऱ्हाइकांकडून जे ऐकलं तेच मला सांगितलं. बारमध्ये आपण एकच प्रश्न विचारतो, किक आहे का. मग कंपनी ८ टक्केच बनवणार, मालक तीच भरणार आणि चव असलेला कॅन मागे कुजणार. मी ज्याबद्दल लिहितो त्यात हा प्रश्न बदलतो, एवढाच माझा दावा. ज्याला कडू कशाने झालं, वास कुठून आला याची उत्सुकता लागते, तो सहसा दुसरी बाटली आपोआप उघडत नाही. ज्याला व्यसन जडलं आहे त्याच्यासाठी हा उपाय नाही. त्याला डॉक्टर आणि घरच्यांची साथ लागते, ब्लॉग नाही. आणि जो पीत नाही त्याने माझं वाचून सुरुवात करू नये, हे मी याआधीही लिहिलं आहे. पण पिणाऱ्यांना काय पितोय ते सांगणं म्हणजे जाहिरात, हे मात्र मला मान्य नाही.

‘हे बंगळुरूचं फॅड, आपल्या मातीशी याचा काय संबंध’ असंही एक वाक्य आहे. कार्यक्रमात आमच्यापुढे चार वाट्या ठेवल्या होत्या: साधं माल्ट, खरपूस भाजलेलं, पार काळं भाजलेलं, आणि हॉप्सच्या हिरव्या गोळ्या. मच्छे गावचे एक शेतकरी गृहस्थ मुलाबरोबर आले होते. त्यांनी साधं माल्ट दाताखाली धरलं आणि म्हणाले, “हे तर सातूला मोड आणून वाळवलंय की.” बरोबर ओळखलं. धान्य भिजवायचं, मोड आले की वाळवायचं. मोड येताना दाण्यात जी विकरं (एन्झाइम) तयार होतात तीच पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतात. खानापूर-चंदगडकडे घरोघरी बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात, त्याची सुरुवात हीच. मग त्यांनी हॉप्सची गोळी तळव्यावर चुरली, नाकाशी नेली, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि म्हणाले, “पपनस.” कार्यक्रम चालवणारा पुण्याचा मुलगा अवाक झाला, कारण हॉप्सच्या त्या जातीचं वर्णन अमेरिकेतले लोकही जवळपास असंच करतात. मातीशी संबंध यापेक्षा वेगळा काय दाखवू?

आणि कुंदा, आमची बेळगावची दुधाची मिठाई. हे मागच्या वेळी लिहायचं राहून गेलं. काळ्या स्टाउटबरोबर कोणीतरी कुंद्याचा डबा उघडला. दूध आटून, करपायच्या अलीकडे तांबूस झालं की कुंद्याला जी चव येते, ती आणि भाजलेल्या माल्टची चव सख्ख्या नात्यातल्या आहेत. स्टाउटचा कडवटपणा गोडाला कापतो. बंगळुरूवाले यासोबत चॉकलेट केक देतात. द्या म्हणावं.

तुम्ही विचारलंय, थोडं उपरोधानेच, की ‘मग आम्ही गावंढळांनी काय मागवावं?’ मी सरळ उत्तर देतो. पुन्हा कधी भाच्याबरोबर गेलात तर आधी छोटे ग्लास मागा. फिकट आणि हलक्यापासून सुरू करा, काळं शेवटी. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, मधे घेऊ नका, नंतर काहीच लागत नाही. तिखट चकणा बाजूला ठेवायला सांगा, मधून पाणी आणि कोरडा पाव. कॅन घेत असाल तर आधी तळाची तारीख. लोण्याचा वास आला तर परत करा. गोव्याहून चोर्ल्याच्या वाटेने ‘तिकडे स्वस्त’ म्हणून खोकं आणायचा मोह मात्र टाळा, कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर पंचाईत होते.

बेळगावला कधी असा कार्यक्रम पुन्हा ठरला तर इथे कळवीन. तुम्ही या, लोणी ओळखणारं नाक आम्हाला हवंच आहे. फक्त निपाणीहून स्वतःची गाडी घेऊन येऊ नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे आणि हायवेवर रात्री तपासणी असते. बसने या, रात्री मुक्कामाला कोणाकडे तरी राहा, नाहीतर आमच्या घरी गादी टाकू.