हापूसचं नाव आणि औषधाचं पेटंट एका तागडीत घालू नका

परवा भाचा पुण्याहून आला होता. औषध कंपनीत नोकरी करतो. बाहेर पाऊस, पडवीत आमचं कोय कलमं बांधायचं काम चाललेलं. पाटावर बसत त्याने विचारलं, "मामा, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला की तुम्ही चिडता. मग औषधाची नक्कल झाली की कंपनी चिडणारच ना? दोन्ही बौद्धिक संपदाच." तासभर बोललो त्याच्याशी, पण मनासारखं सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर असे पाच जिल्हे त्यात आहेत. मला त्याचा आनंदच आहे. मुंबईत एका व्यापाऱ्याकडे 'देवगड हापूस' छापलेली पेटी मी स्वतः उघडून पाहिली आहे. आंबा कापला तर साल जाड, गर फिकट, आणि वास? नाहीच. वर्षभर राबणाऱ्या माणसाच्या पोटात खड्डा पडतो.

पण या मानांकनाने अडतं ते फक्त नाव. धारवाडच्या शेतकऱ्याने हेच कलम खुशाल लावावं, आंबा विकावा, फक्त कोकणचा म्हणून विकू नये. पेटंट वस्तूच बनवू देत नाही, तेही वीस वर्षं. नाव बदललंत, स्वतःच्या डोक्याने शोधून काढलंत, तरी नाही. भाच्या, फरक इथे आहे.

माझ्या मावशीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा इमॅटिनिबची गोळी रोज घ्यायची होती. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर, भारतीय कंपनीची दहा हजारांच्या आसपास. मावशीचं उत्पन्न म्हणजे थोडी काजूची झाडं. आजही गणपतीत मोदक तिच्याच हातचे असतात.

ही गोळी स्वस्तात मिळणं आपोआप घडलेलं नाही. १९७० च्या आपल्या कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे, औषधावर नाही. त्या सावलीत आपला औषधधंदा वाढला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तिच्यासोबत पेटंटसारख्या बौद्धिक संपदेचे नियम सगळ्या सदस्य देशांवर घालणारा ट्रिप्स करार आला, आणि २००५ पासून औषधावरही पेटंट देणं भाग पडलं. तरी संसदेने कलम ३(ड) घातलं: जुन्याच औषधाचं नुसतं रूप बदललं, गुण वाढला नाही, तर पेटंट नाही. इमॅटिनिबवरचा नोव्हार्टिसचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमावर फेटाळला.

नोव्हार्टिस म्हणजे मावशीच्या गोळीची मूळ कंपनी, ती स्वित्झर्लंडची. आणि स्वित्झर्लंड स्वतः १९७७ पर्यंत औषधावर पेटंट देत नव्हता! इटलीने १९७८ मध्ये सुरू केलं. नेदरलँड्सने तर १८६९ मध्ये पेटंटचा कायदाच काढून टाकला, तो १९१२ पर्यंत परत आणला नाही. तिथली दिवे बनवणारी फिलिप्स कंपनी त्याच काळात उभी राहिली. स्वतःचं घर बांधून होईपर्यंत यांनी सवड घेतली, आणि आम्हाला मात्र दहा वर्षांत सगळं करा म्हणतात. याचाच मला राग आहे.

नव्या औषधाला वर्षं आणि अफाट पैसा लागतो, हे भाच्याचं म्हणणं मला पटतं. पैसा घालणाऱ्याला हमी हवीच. पण किती आणि केव्हापासून, हे ज्या त्या देशाला आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवू द्या. करोनात भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे या पेटंटच्या नियमांतून सवलत मागितली, ती जून २०२२ मध्ये मिळाली, तीही लसीपुरतीच. तोवर माणसं गेली ती गेलीच.

आणि नक्कल फक्त आम्हीच करतो का? जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं! ते रद्द करून घेतलं आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, १९९७ मध्ये, माशेलच्या डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत.

आता डोळा बियाणांवर आहे. आपल्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित, म्हणजे कुणीतरी हक्क नोंदवलेल्या, वाणाचंही बी राखायचा, वाटायचा, विकायचा हक्क दिला आहे. ब्रँड लावून विकता येत नाही, एवढंच. श्रीमंत देश व्यापाराच्या बोलण्यांत नवं वाण काढणाऱ्याला त्यावर हक्क देणारा युपोव्हचा १९९१ चा करार पुढे करतात, त्यात हा हक्क पार आकसतो. आमच्या पडवीतली रत्नाची कलमं बघा. नीलम आणि हापूसचा हा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झालेला, आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग) धरत नाही. एकाने काडी दिली, दुसऱ्याने कलम बांधलं, असाच तो गावोगाव गेला.

भाचा निघाला तेव्हा गेल्या वर्षीची दोन रत्नाची कलमं त्याच्या गाडीत ठेवली. तळेगावला त्याने जागा घेतली आहे.