'मालिकेतून आला, पण सुधारला हं'

ललित प्रभाकरचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच आणि माझी जाम चिडचिड होते. सुधारला म्हणजे काय? आजारी होता का? व्यसन होतं का काही? माणूस दोन वर्षं रोज आपल्या घरात येऊन काम करत होता, आपण ताटं घेऊन त्याच्यासमोर बसत होतो, आणि आता त्याने चार बरे सिनेमे केले तर आपण हेडमास्तरांसारखं प्रगतिपुस्तकावर 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारतोय. तर आज जरा लांब लिहिणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे स्क्रोल करा, राग नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, झी मराठीवर 'जुळून येती रेशीमगाठी' लागायची, २०१३ ते २०१५. ललित त्यात आदित्य देसाई. ठरवून लग्न झालंय, बायकोचं म्हणजे मेघनाचं दुसऱ्या मुलावर प्रेम आहे, हे याला लग्नानंतर कळतं, आणि हा पठ्ठ्या ओरडत नाही, घराबाहेर काढत नाही, उलट तिच्या बाजूने उभा राहतो. संपलं! महाराष्ट्रातल्या समस्त आयांनी त्याला त्या दिवसापासून मनातल्या मनात जावई करून टाकलं. माझ्या आत्याने तर तिच्या खऱ्या जावयासमोर 'आमचा आदित्य असता ना तर' असं म्हणून घरात जो काही वाद ओढवून घेतला तो पुढे दिवाळीपर्यंत पुरला. आणि त्याच काळात त्याच चॅनेलवर 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये शशांक केतकरचा श्री पण होता, म्हणजे रोज संध्याकाळी एकापाठोपाठ एक दोन-दोन आदर्श नवरे, खऱ्या नवऱ्यांसाठी फार वाईट काळ होता तो.

आता या कामाला आपण हलकं समजतो, पण गणित बघा ना जरा. अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा ऐवज लागतो, आठवड्याला सहा एपिसोड, म्हणजे दोन तासांच्या वर. एका अख्ख्या सिनेमाएवढं फुटेज, दर आठवड्याला! तेही बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये, कुठे मढला कुठे घोडबंदर रोडला कुठे फिल्मसिटीत, एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला साठा, संपत आलेली, सीन बऱ्याचदा सेटवरच हातात पडतो, मेकअप करता करता पाठ करायचा आणि उभं राहायचं. आणि एवढं करून सीन संपला की 'होल्ड कर' म्हणून सांगतात, म्हणजे वाक्य संपलं तरी चेहऱ्यावरचा भाव तसाच धरून ठेवायचा कारण तिथे नंतर म्युझिक पडणार आहे, आणि खोलीत आठ माणसं असतील तर आठही जणांचे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे शॉट, घ्यायचे. आपण ज्याला 'सिरियलची ॲक्टिंग' म्हणून हसतो ना, ती बरीचशी या होल्डची करामत आहे, नटाची नाही. खऱ्या आयुष्यात सासूने काही बोललं की आपण दहा सेकंद भुवया वर करून उभे राहत नाही, तोंड फिरवून गॅस बारीक करतो. ते तोंड फिरवणं मालिकेत नटाला मिळतच नाही, कारण तोंड फिरवलं तर क्लोज कुणाचा घेणार.

तर मुद्दा असा की मालिका करणाऱ्याला अभिनय येत नसतो असं नाही, त्याला गप्प बसायची परवानगी नसते. सिनेमात ती मिळते. इतका साधा फरक आहे, पण आपण त्याला लायकीचा फरक करून टाकलाय.

मग मालिकेतला देखणा पोरगा 'मला सिरियसली घ्या' म्हणून काय करतो? तर पहिली गोष्ट दाढी वाढवतो. दुसरी, वजन वाढवतो किंवा घटवतो. तिसरी, एखादा सायको करतो. हे जगभर असंच आहे, जॉर्ज क्लूनीचं बघा, १९९४ पासून 'ईआर' नावाच्या मालिकेत डॉक्टर होता, अमेरिकेतल्या बायका वेड्या झाल्या होत्या त्याच्यासाठी, मग मधेच बॅटमन करून तोंडावर आपटला (तो स्वतः त्या सिनेमाबद्दल आजवर माफी मागत फिरतो), आणि २००६ मध्ये ऑस्कर मिळालं ते कुठल्या कामाला, तर 'सिरियाना', ज्यात पोट सुटलंय, दाढी वाढलीय, ओळखूच येत नाही. म्हणजे ऑस्करवाल्यांनाही देखणेपण झाकल्याशिवाय अभिनय दिसला नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर क्लूनीचं सगळ्यात भारी काम 'मायकल क्लेटन'मधलं, तिथे तो व्यवस्थित क्लूनीसारखाच दिसतो, सूटबूट सगळं, फक्त आतून पार दमलेला. चेहरा झाकला नाही, तोच वापरला.

आणि ललितने नेमकं हेच केलं असं मला वाटतं, कळून केलं की नकळत ते त्याचं त्याला माहीत. दिसणं त्यानेही बदललं, पण मोडीत काढलं ते दुसरंच काहीतरी.

२०१७ ला परेश मोकाशींचा 'चि. व चि. सौ. कां.' आला, त्यात सौरऊर्जेचं वेड असलेला सत्या. गोड सिनेमा, गोड काम, आदित्यचा जरा सटकलेला चुलतभाऊ म्हणा. छान होता तो, पण धक्का नव्हता. धक्का २०१९ च्या फेब्रुवारीत. समीर विद्वांसचा 'आनंदी गोपाळ', भाग्यश्री मिलिंद आनंदीबाई आणि हा गोपाळराव जोशी.

गोपाळराव जोशी हा काय माणूस होता याचा विचार करा. पोस्टात कारकून, बिजवर, बायको नऊ वर्षांची, आपण तिच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठे, आणि लग्नाला अट काय तर मुलगी शिकली पाहिजे. त्या काळात! लोक बायकोने पुस्तक हातात घेतलं तर वाळीत टाकायचे आणि हा बायकोने अभ्यास केला नाही म्हणून आकाशपाताळ एक करणार. सुधारक म्हणावा तर जुलमी, जुलमी म्हणावा तर त्याच्याशिवाय आनंदीबाई १८८३ मध्ये बोटीवर चढल्याच नसत्या आणि १८८६ ला डॉक्टर होऊन बाहेर पडल्या नसत्या. अशा माणसासाठी एखादा कडक, भीतीदायक चेहऱ्याचा नट घेतला असता ना, तर आपण पहिल्या दहा मिनिटांत ठरवून मोकळे झालो असतो की हा दुष्ट, आणि मग सिनेमाभर फक्त तिच्यासाठी हळहळत बसलो असतो. पण समोर आपला आदित्य! बायकोच्या मनाविरुद्ध तिचा हातही न धरणारा! थिएटरात माझ्या शेजारी आत्याच बसली होती आणि गोपाळराव पहिल्यांदा आनंदीवर खेकसला तेव्हा ती चक्क पुटपुटली, 'अगं एवढा का ओरडतोय हा तिच्यावर?' हा. हा म्हणजे आदित्य. गोपाळराव नाही. पुढचा तासभर तिला त्याचा राग पण येत होता आणि त्याला माफ पण करावंसं वाटत होतं, आणि गोपाळराव जोशींबद्दल बरोब्बर तेच वाटायला हवं ना? ही दोन वर्षं रोज जेवणाच्या वेळेला जमवलेली माया आहे, ती त्याने त्या भूमिकेत खर्च केली. रंगभूमीवरून थेट आलेल्या एखाद्या फार मोठ्या नटाने गोपाळराव कदाचित जास्त ताकदीने केला असता, मान्य, पण आत्याला असं अडचणीत टाकणं त्याला जमलं नसतं, कारण आत्याचा त्याच्यावर आधी जीवच नव्हता.

म्हणून म्हणते, मालिका हा डाग नव्हता जो त्याला धुवायचा होता. ते भांडवल होतं.

आता तक्रार. मला वाटतं सिनेमाने गोपाळरावांना थोडं वाचवलं. खऱ्या आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र आहे, त्यात त्या स्पष्ट लिहितात की दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, खुर्च्या पुस्तकं अंगावर भिरकावलीत, बाराव्या वर्षी सोडून जायच्या धमक्या दिल्यात. ते वाचताना पोटात कालवतं. आणि त्याच पत्रात, हे चूक होतं की बरोबर हे सांगणं कठीण आहे असंही म्हणतात, हे त्याहून जास्त अस्वस्थ करणारं. सिनेमा तिथपर्यंत गेला नाही, शेवटाकडे तर सगळं भारावून जायच्या दिशेने निघतो. ललित तिथपर्यंत गेला असता का? मला वाटतं गेला असता, तयारी दिसत होती त्याची. पण प्रेक्षकाचा लाडका चेहरा घेतला की त्याला किती वाईट दाखवायचं याचा हिशेब कुणीतरी कुठेतरी करतच असणार. सिनेमाला सामाजिक विषयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, योग्यच मिळाला, मी फक्त त्या न झालेल्या सिनेमाबद्दल बोलतेय.

नंतर मग 'झोंबिवली', 'सनी' वगैरे, त्यावर जास्त लिहीत नाही, 'सनी' मला लांबलेला वाटला. पण 'मीडियम स्पायसी' बघा कुणी बघितला नसेल तर. मोहित टाकळकरचा, २०२२ चा. म्हणजे पुण्याच्या प्रायोगिक नाटकातला अतिशय काटेकोर दिग्दर्शक आणि त्याच्या सिनेमात मालिकेतला हिरो, शेफ निस्सीम. मी गेले तेव्हा थिएटरात मोजकी डोकी होती. निस्सीमला काय हवंय ते त्यालाच धड ठरवता येत नाही, आणि असं काम करणं महाकठीण, कारण रडायला ओरडायला काही नाही, नुसतं अनिर्णित राहायचं. मला काही ठिकाणी तो जास्तच कोरडा वाटला, खोटं कशाला बोलू. पण आवडून घ्यायचा जो एक चिवट हट्ट देखण्या नटांच्या डोळ्यांत कायम असतो ना, 'बघा बघा मी किती गोड', तो इथे दिसला नाही. काय सुटका वाटली सांगू.

बाकी मान्यता मान्यता म्हणतात ती देतं कोण? २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार दोघांत विभागून जाहीर झाला, विक्रांत मॅसी आणि शाहरुख खान. विक्रांत 'धरम वीर', 'बालिका वधू' करून आलेला, मग 'लुटेरा'त छोटं काम, मग 'अ डेथ इन द गंज', असं करत करत 'ट्वेल्थ फेल'पर्यंत. आणि शाहरुख? तो तर १९८९ च्या 'फौजी'तून आलेला, दूरदर्शनचाच पोरगा! मोठ्या पडद्यावर तेहतीस वर्षं काढल्यावर त्याला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तोही 'स्वदेस'ला नाही, 'जवान'ला. आता यातून गांभीर्याचं मोजमाप काढायचं असेल तर तुम्ही काढा बाबा, माझी अक्कल संपली.

आपल्या मराठीत तर अजून एक वेगळीच गंमत, इथे नटाला शिक्का नाटकाचाच लागतो. 'नाटक केलंय का?' हा प्रश्न आपण मुलीच्या स्थळाची चौकशी करावी तसा विचारतो. नाटक नसेल तर सिनेमा चालेल, मालिका म्हटलं की 'हो का, अच्छा'. आणि संध्याकाळी परत तेच लावून बसतो. शशांक केतकरने तर मालिका न सोडताच प्रतिमा मोडली, २०२१ ला 'पाहिले न मी तुला'मध्ये त्याने खलनायक केला, तोही गोड हसत. श्रीला माया लावलेल्या बायका शिव्या घालत बघत होत्या. त्याला कुणी 'सुधारला' म्हणालं नाही, कारण तो मालिकेतच राहिला ना. धाडस तेच, पण पत्ता चुकीचा.

आणि मेघनाचं काय? मेघना म्हणजे प्राजक्ता माळी. त्याच मालिकेतून, तेवढीच लाडकी होऊन बाहेर पडलेली. ललितला मोकाशी, विद्वांस, टाकळकर असे दिग्दर्शक मिळत गेले. प्राजक्ताला नाव भूमिकेचंच असलेला, अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर असलेला 'फुलवंती' २०२४ मध्ये मिळाला आणि त्यासाठी तिला स्वतः निर्माती व्हावं लागलं. मधल्या वर्षांत ती हास्यजत्रेचं सूत्रसंचालन करत होती आणि लोक तिच्या साड्यांवर बोलत होते. तिच्याबद्दल 'ती गंभीर अभिनेत्री आहे का' असा प्रश्न मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, ना बाजूने ना विरोधात. ललितवर निदान वाद तरी घालतो आपण.