मंद नव्हे, दमदार

‘जुन्या डिझेल मर्सिडीज म्हणजे नुसता रुबाब, चालायला मंद’ हे लेखातलं वाक्य मला पटलं नाही. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत आलेल्या या गाड्यांनी पुढे कित्येक वर्षं टॅक्सी म्हणून पोटं भरली. रुबाबावर टॅक्सी चालत नाही. आमच्या बाबांकडे 180 डी होती. 1.8 लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम 43 अश्वशक्ती, तरी फोंड्याहून सात माणसं आणि फणसांची पोती घेऊन ती अनमोड घाट चढायची. सावकाश, पण न थांबता. गिअर स्टिअरिंगलगत. सकाळी डॅशबोर्डवरची मूठ ओढून धरायची, तिथली तार लालबुंद झाली की आणखी ओढायची, मग इंजिन धडधडत जागं व्हायचं. ती मूठ धरायचा मान माझा असे.

लेखात गंजाचा मात्र उल्लेखच नाही. इथली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस! इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं, तळाचा पत्रा तेवढा खाल्ला गेला. कुणी आता अशी गाडी घेणार असेल तर आधी गालिचा उचलून तळ बघा, इंजिन नंतर.